लिंबाला न घाबरणारं अंडं

तापलेल्या दुधात लिंबू पिळलं की काय होतं, ते तुम्हांला ठाऊकच आहे. मिनिटभरात दूध फाटतं. पांढरे गोळे वर येतात, खाली हिरवट-पिवळं पाणी उरतं आणि आई ते फडक्यात बांधून पनीर करते. आता मला सांगा, अंड्यात लिंबू पिळलं तर? तेही एक-दोन थेंब नाही, चांगली चार-पाच लिंबं पिळली आणि वर ते गॅसवर ठेवलं तर? त्याचे गोळे व्हायलाच हवेत. अंड्याला तर घट्ट व्हायची फार घाई. नुसतं गरम तव्यावर फोडलं तरी ते घट्ट होतं.

तरीही लिंबू, अंडी, साखर आणि लोणी या चार गोष्टींतून एक पिवळाधमक, चकचकीत, गुळगुळीत पदार्थ तयार होतो. त्यात गोळा म्हणून सापडत नाही. बोट बुडवून चाटलं की आधी आंबट, मग गोड, मग लोण्याची चव लागते. इंग्लंडात तो पावाला आणि केकला लावून खातात. तिथे त्याला लेमन कर्ड म्हणतात. नावात कर्ड असलं तरी दह्याचा त्यात थेंबही नसतो बरं का!

आपण हा पदार्थ करणार आहोत आदिलाबादला. का, ते पुढे कळेलच.

आदिलाबाद म्हणजे तेलंगणाचं अगदी उत्तरेकडचं टोक. पैनगंगेच्या एका काठाला आपला यवतमाळ जिल्हा आणि दुसऱ्या काठाला आदिलाबाद. नदी ओलांडली म्हणून मराठी काही थांबत नाही. बेला, जैनथ, तामसी या भागांत कितीतरी घरांत मराठीच बोलतात, मराठी शाळाही आहेत. बाजारात गेलात तर भाजीवाली मावशी एका गिऱ्हाइकाशी तेलुगूत भाव करते, दुसऱ्याशी मराठीत, तिसऱ्याशी हिंदीत. उटनूरकडून आलेल्या माणसांच्या तोंडून गोंडीही कानांवर पडते. लिंबांचा ढीग मात्र सगळ्यांसाठी एकच. कुणाच्या घरी त्याचं सरबत होणार, कुणाच्या घरी पिवळाजर्द लिंबूभात, कुणाच्या घरी लोणचं.

ही लिंबं म्हणजे कागदी लिंबं. लहान, गोल, पातळ सालीची आणि रसानं टच्च भरलेली. इंग्लंडातलं लेमन वेगळं असतं. ते मोठं, लांबट, जाड सालीचं आणि दोन्ही टोकांना जरा निमुळतं. आपलं कागदी लिंबू त्याचं चुलत भावंडच. आणि हिवाळ्यात याच बाजारात तिसरं भावंड येतं, नागपूरचं संत्रं. नागपुराहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ४४ पांढरकवड्यावरून, पैनगंगेच्या पुलावरून थेट आदिलाबादला येतो. त्या फळाला २०१४ मध्ये 'नागपूर संत्रा' या नावानं भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याचे मुख्य बहर दोन. आंबिया बहराची फळं दिवाळीच्या आगेमागे बाजारात येतात आणि मृग बहराची साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये.

या सगळ्या कुटुंबाचे पूर्वज फार थोडे आहेत. महाळुंग, पपनस आणि मँडरीन जातीचं जुनं संत्रं हे त्यांतले मुख्य. बाकीची बरीचशी फळं त्यांच्या आपसांतल्या संकरातून झाली. मोसंबीच्या गटातली गोड फळं पपनस आणि मँडरीन यांच्या मिश्रणातून आली, आणि कागदी लिंबाच्या जन्मात महाळुंगाचा वाटा आहे. शास्त्रज्ञांनी अशा कितीतरी झाडांचे जनुक वाचून २०१८ मध्ये सांगितलं, की हे घराणं सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी हिमालयाच्या आग्नेय पायथ्याच्या भागात उगम पावलं असावं. म्हणजे माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी आधी लिंबाचे पणजोबा आपल्या शेजारी उभे होते!

बरं, लिंबू आंबट का? त्यात सायट्रिक आम्ल असतं म्हणून. रसाचा साधारण ५ ते ६ टक्के भाग या आम्लाचाच असतो. स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कार्ल शील नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून त्याचे पांढरे स्फटिक पहिल्यांदा वेगळे काढले. आज किराणा दुकानात पुडीत मिळणारं लिंबूसत्त्व तेच. गंमत म्हणजे आता कारखान्यांत ते बहुतेक लिंबापासून काढतच नाहीत. एक काळी बुरशी साखर खाते आणि सायट्रिक आम्ल तयार करून देते. ही युक्ती १९१७ मध्ये जेम्स करी यांनी शोधली.

आता मूळ कोड्याकडे येऊ. त्यासाठी अंड्याच्या आत शिरावं लागेल.

अंड्याच्या पांढऱ्या भागात जवळजवळ ९० टक्के पाणी असतं. उरलेली बहुतेक प्रथिनं. प्रथिन म्हणजे एक लांबच लांब साखळी, पण ती सरळ पसरलेली नसते, स्वतःभोवती गुंडाळून बसलेली असते. आदिलाबाद कापसाचा जिल्हा, तेव्हा सुताचे छोटे छोटे गुंडे डोळ्यांपुढे आणा. पाण्यात असे असंख्य गुंडे तरंगताहेत. जोवर ते आपापले गुंडाळलेले आहेत, तोवर अंडं पातळ. उष्णता दिली की ते हलायला लागतात, सैल होतात, उलगडतात. मोकळी झालेली सुतं एकमेकांत अडकतात आणि त्यांची जाळी तयार होते. त्या जाळीत पाणी कोंडलं जातं. पातळ अंडं घट्ट झालं ते असं!

पण अजून तापवलंत तर? सुतं एकमेकांना आणखी घट्ट आवळतात. जाळी आकसते आणि आतलं पाणी बाहेर पिळून निघतं. अंडाभुर्जी फार वेळ परतली की कढईत पाणी सुटतं आणि भुर्जी चिवट होते, ती याच कारणानं. म्हणजे आपल्याला हवी आहे फक्त सैल जाळी. सुतं उलगडावीत, एकमेकांना हलकेच धरावीत आणि तिथेच थांबावीत.

इथे लिंबू मदतीला येतं. प्रत्येक गुंड्यावर विजेचा बारीकसा भार असतो. साध्या अंड्यात किंवा दुधात तो बहुतेक ऋण असतो. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून गुंडे एकमेकांना चिकटत नाहीत. लिंबाच्या रसात धन भाराचे हायड्रोजनचे कण असतात. थोडा रस घातला की ते कण गुंड्यांवरचा ऋण भार पुसून टाकतात. आता ढकलायला कुणीच नाही! मग गुंडे एकमेकांवर येऊन आदळतात आणि गोळे होतात. दुधाचं हे असं होतं. आम्लता मोजायची जी सामू नावाची पट्टी आहे, तिच्यावर ४.६ हा आकडा आला की दुधातल्या केसीन या प्रथिनाचा भार शून्य होतो आणि दूध फाटतं. अंड्याच्या पांढऱ्यातल्या मुख्य प्रथिनाचाही आकडा याच्याच जवळचा, साधारण ४.५. म्हणून थोडंसंच आंबट घातलं तर अंडंसुद्धा लवकर घट्ट होतं. पाण्यात अंडं फोडून शिजवताना काही जण त्यात चमचाभर व्हिनेगर घालतात, ते यासाठीच.

आपण मात्र चमचाभर घालून थांबत नाही, भरपूर रस ओततो. मग काय होतं? ऋण भार पुसला जातो, तरी धन कण संपत नाहीत. ते गुंड्यांना चिकटत राहतात आणि बघता बघता सगळे गुंडे धन भाराचे होतात. पुन्हा सगळ्यांचा भार सारखा! पुन्हा ढकलाढकली! मिश्रण ४.५ च्या खाली, ३ च्या आसपास पोचलेलं असतं आणि उलगडलेली सुतं एकमेकांना आवळू शकत नाहीत, हलकेच अडकतात. थोडं आंबट प्रथिनांना एकत्र आणतं आणि भरपूर आंबट त्यांना दूर ठेवतं. मला या पदार्थातली ही गोष्ट सगळ्यांत जास्त आवडते.

साखरही नुसती गोडीसाठी नसते. तिचे कण गुंड्यांच्या मधे शिरून बसतात, त्यांची भेट लांबवतात. साध्या अंड्याचा पांढरा भाग ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला घट्ट व्हायला लागतो, पिवळा बलक ६५ ते ७० अंशांना. रस आणि साखर मिसळली की हाच आकडा ७५ ते ८० च्या घरात जातो. म्हणजे आपल्याला सावकाश शिजवायला चांगली सवड मिळते.

चला तर, करायलाच घेऊ. ताई, दादा, आई, बाबा, कुणीतरी मोठं माणूस शेजारी हवंच. वाफेनं भाजतं आणि ते फार दुखतं.

दोन अंडी घ्या, १२५ ग्रॅम साखर, ६० ग्रॅम बिनमिठाचं लोणी आणि चार-पाच कागदी लिंबं. रस साधारण ८० मिलिलिटर निघायला हवा, म्हणजे अर्ध्या वाटीहून थोडा जास्त. लिंबं कापायच्या आधी त्यांची साल बारीक किसणीवर हलकेच किसून घ्या. फक्त वरची हिरवी-पिवळी साल हवी. तिच्यातल्या बारीक पिशव्यांत सुगंधी तेल असतं. त्याखालचा पांढरा भाग कडू असतो, तो किसू नका. किसलेली साल साखरेत घालून बोटांनी चोळा. साखरेच्या कडा त्या पिशव्या फोडतात, तेल साखरेत उतरतं आणि सगळ्या स्वयंपाकघरात वास दरवळतो.

त्यात अंडी फोडून फेटा. अंडं फोडताना नीट पाहा. बलकाला चिकटलेली एक पांढरी, पीळ घातलेली दोरी दिसेल. पुष्कळांना वाटतं ते पिल्लू आहे. तसं काही नाही. बलक अंड्याच्या मधोमध राहावा म्हणून निसर्गानं दोन्ही बाजूंनी बांधलेली ती दोरी आहे. अंडं जितकं ताजं, तितकी ती ठळक. शेवटी गाळताना ती निघून जाईल. साखर आणि बलक एकत्र करून नुसते ठेवून मात्र देऊ नका, लगेच फेटा. साखर बलकातलं पाणी ओढून घेते आणि त्याचे बारीक कण होतात, ते मग विरघळता विरघळत नाहीत. मग रस घाला आणि पुन्हा फेटा.

भांडं कोणतं घ्यायचं? आजीला विचारा, ती लगेच सांगेल. कल्हई नसलेल्या पितळेच्या पातेल्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते. चव बिघडते, रंग हिरवट होतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि आंबट पदार्थ या धातूंना थोडं थोडं विरघळवतो. म्हणून तर कल्हईवाले भांड्याला आतून कथिलाचा पातळ थर देत असत. लिंबाचा रस तर ताकापेक्षा किती आंबट! तेव्हा या कामाला पितळ नको, ॲल्युमिनियम नको, लोखंडी कढई तर नकोच. स्टीलचं किंवा काचेचं भांडं घ्या.

आता एका पातेल्यात थोडं पाणी उकळा आणि आपलं भांडं त्यावर असं ठेवा, की त्याचा तळ पाण्याला टेकणार नाही. खाली आच असली तरी भांड्याला फक्त वाफ लागते. ती १०० अंशांच्या वर जाऊ शकत नाही. खरं तर आदिलाबाद समुद्रसपाटीपासून सुमारे २६० मीटर उंचावर आहे, त्यामुळे तिथे पाणी ९९ अंशांच्या आसपासच उकळतं. थेट गॅसवर ठेवलेल्या पातेल्याचा तळ याहून कितीतरी जास्त तापतो आणि तळाशी अंडं शिजून त्याच्या कापऱ्या होतात.

ढवळत राहा. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही. तुम्हांला वाटेल की काहीतरी चुकलं. ढवळत राहा! मग वरचा फेस हळूहळू विरतो, चमचा जरा जड लागतो, आणि थोड्याच वेळात मिश्रण दाटतं. हाच तो क्षण. घरी स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर तो ७५ ते ८० अंश दाखवेल. नसेल तर चमचा बुडवून बाहेर काढा आणि त्याच्या पाठीवरून बोट फिरवा. रेघ तशीच राहिली, दोन्ही बाजूंचं मिश्रण धावत येऊन ती बुजली नाही, तर झालं. लगेच उतरवा. अंड्यात कधी कधी साल्मोनेला नावाचे जिवाणू असतात, तेही एवढ्या उष्णतेत मरतात. म्हणून घाईनं अर्धवट शिजवू नका.

गरम असतानाच ते बारीक गाळणीतून गाळा आणि लोण्याचे तुकडे एकेक करून घालत ढवळा. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत, हे आपण रोज बघतो. इथे लोण्याची चरबी आणि लिंबाचं पाणी अगदी एकजीव होतात, कारण बलकात लेसिथिन असतं. त्याच्या कणाचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं आणि दुसरं टोक चरबीकडे. लोण्याच्या प्रत्येक थेंबाभोवती असे कण उभे राहतात आणि थेंबांना एकत्र येऊ देत नाहीत.

आता आदिलाबादच का, ते सांगतो. हा जिल्हा तेलंगणातल्या सगळ्यांत थंड जिल्ह्यांपैकी एक. डिसेंबर-जानेवारीत पहाटे इथे पारा १० अंशांच्या खाली उतरतो. आणि मे महिन्यात दुपारी तोच पारा ४५ च्या आसपास जातो. लोणी वितळतं साधारण ३२ ते ३५ अंशांना. म्हणजे तेच कर्ड, तीच बरणी, पण डिसेंबरच्या सकाळी त्यातलं लोणी थिजलेलं असतं आणि चमचा उभा राहील इतकं ते घट्ट असतं. मेमध्ये बाहेर ठेवलंत तर ते चमच्यावरून ओघळेल. अंड्याची जाळी दोन्ही वेळा सारखीच, फरक सगळा लोण्याचा. एकाच गावात असा प्रयोग करून बघायला मिळणं ही चैनच आहे. मात्र उन्हाळ्यात बरणी लगेच फ्रिजमध्ये परत ठेवायची, आणि कोणत्याही ऋतूत आठवड्याभरात संपवायची. ती उरणार नाहीच म्हणा!

संत्र्याचंही कर्ड होतं. पण नुसत्या नागपुरी संत्र्याचा रस घेतलात तर फसाल. त्यात आम्ल लिंबाच्या मानानं फारच कमी असतं. चव मिळमिळीत होते आणि अंड्याला दूर ठेवणारी ती आंबट फौजही अपुरी पडते. अर्धा रस संत्र्याचा, अर्धा कागदी लिंबाचा घ्या. सुगंध संत्र्याचा आणि राखण लिंबाची.

ज्यांच्या घरी अंडं चालत नाही त्यांनी हिरमुसू नका. तुमच्यासाठी कॉर्नफ्लोअर आहे. पिठातल्या स्टार्चचे कण ६५-७० अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगतात आणि मिश्रण दाट होतं. ज्वारीचं पीठ शिजवून केलेली आंबील दाट होते, तीही अशीच. फक्त इथे लिंबाचा डाव उलटतो. आंबट रसात स्टार्च फार वेळ उकळला तर आम्ल त्याच्या साखळ्या तोडतं आणि दाट झालेलं पुन्हा पातळ होतं. म्हणून आधी पाणी, साखर आणि कॉर्नफ्लोअर शिजवून घ्या, गॅस बंद करा, आणि मग लिंबाचा रस घाला. रंगासाठी चिमटीभर हळद पुरे.

खायचं कशाबरोबर? पाव, टोस्ट, गरम पोळी, काहीही चालेल. मला ते ज्वारीच्या कडक, खरपूस भाकरीच्या तुकड्यावर फार आवडतं. कुणी नाक मुरडलं तर त्याला आधी एक घास खाऊ घाला.

उरल्या लिंबाच्या फोडी. त्या टाकू नका. मीठ लावून पितळेची समई किंवा तांब्या घासा. मघाशी जे आम्ल पितळाला खात होतं म्हणून आपण ते भांडं टाळलं, तेच आता पितळेवरचा काळा थर खाऊन टाकेल. आणि संत्रं सोललं असेल तर एक रबरी फुगा टम्म फुगवा, सालीचा ताजा तुकडा त्याच्याजवळ धरून दुमडा, म्हणजे बारीक फवारा उडेल. सालीच्या तेलात लिमोनीन असतं, ते रबर विरघळवतं. फट्! थर्माकोलच्या तुकड्यावर हेच तेल सोडलंत तर बारीक खळगे पडलेले दिसतील. कागदी लिंबाची साल फुगा लवकर फोडते की संत्र्याची, ते तुम्हीच करून बघा. एकाच मापाचे, सारखेच फुगवलेले फुगे घ्या, तोंड जरा लांब ठेवा, आणि सालीचे हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका.